खाली कुर्सी, भरी कुर्सी

मध्य प्रदेशात मास्तरकी करताना निवडणुकीच्या ड्यूट्या पुष्कळ केल्या, पण अध्यक्षांना घरी पाठवायचं की नाही यावरचं मतदान एकदाच वाट्याला आलं. तिथल्या नगरपालिका कायद्यात तशी सोय आहे. निवडून आलेल्या पार्षदांपैकी, म्हणजे आपल्याकडच्या नगरसेवकांपैकी, किमान तीन चतुर्थांशांनी सह्या करून कलेक्टरकडे प्रस्ताव द्यायचा. तो पुढे सरकला की गावभर गुप्त मतदान, आणि निम्म्याहून जास्त मतं विरोधात पडली की अध्यक्षांची खुर्ची गेली. 2001 साली अनूपपूरला असं झालं, देशात पहिल्यांदाच. आमच्याकडे भांडण पाण्याचं होतं. निदान बाहेर तरी तसंच सांगायचे. पार्षदांचं आतलं दुखणं निराळं असणार.

या मतदानात कुणाचं नावबिव नसतं. दोनच चित्रं. खाली कुर्सी, म्हणजे अध्यक्ष जावेत. भरी कुर्सी, म्हणजे राहावेत.

मी केंद्राध्यक्ष होतो, पाचवीच्या वर्गात. सकाळी मतदान सुरू होऊन अर्धा तास झाला नसेल, तोच अध्यक्षांचा प्रतिनिधी उठला. "सर, ती कोपऱ्यातली खुर्ची उचला."

"का?"

"रिकामी आहे. विरोधकांचा प्रचार होतोय."

मला हसू फुटलं, त्याला नाही. म्हटलं, कशाला वाद, शिपायाला सांगून खुर्ची व्हरांड्यात काढली. तर समोरच्या बाजूचा पोरगा, इतका वेळ गप्प बसलेला, म्हणतो कसा, "मग तुम्ही सगळे पण उठा सर. तुम्ही बसलात की भरी कुर्सी झाली."

पुस्तिकेत यावर काही लिहिलेलं नव्हतं. शेवटी खुर्च्या सगळ्याच बाहेर काढल्या आणि पोरांची बाकं ओढून घेतली. संध्याकाळपर्यंत आम्ही सगळे गुडघे हनुवटीला टेकवून बसलो होतो. शाई लावणाऱ्या मॅडमची पाठ दुपारीच धरली.

गर्दी ओसरल्यावर एक आजी आल्या. आमच्या भागात निम्मी वस्ती मराठी, त्या मराठीच. डाव्या तर्जनीवर शाई लावून घेतली, ओली शाई पदराला लागू नये म्हणून बोट उंच धरलं आणि स्वतःशीच पुटपुटल्या, "खालची. खालची खुर्ची. नातवानं घोकून घेतलंय, आजी, खाली कुर्सी दाब."

माझ्या पोटात गोळा आला. आमच्या यंत्रावर रिकामी खुर्ची वर होती. खाली होती ती भरलेली.

नातवाची खाली हिंदीतली, आजींची मराठीतली. महिनाभर भोंग्यावरून 'खाली कुर्सी' ओरडत फिरणाऱ्यांपैकी एकाच्याही हे डोक्यात आलं नसावं. माझ्या तरी कुठे आलं होतं?

मी शक्य तितक्या सपाट आवाजात म्हणालो, "आजी, रिकामी खुर्ची म्हणजे अध्यक्ष जावेत. माणूस बसलेली म्हणजे राहावेत. तुम्हाला हवं ते बटण दाबा."

"सर, शिकवू नका!" अध्यक्षांचा प्रतिनिधी बाकावरून उठलाच. त्याचंही चूक नव्हतं. आणखी एक शब्द बोललो असतो तर ते मत माझं झालं असतं.

"कळतंय रे मला," आजी म्हणाल्या आणि पुठ्ठ्याच्या आडोशामागे गेल्या. बराच वेळ काही नाही. मग बीप.

बाहेर येताना त्यांचा चेहरा उजळला होता. "झालं बाई एकदाचं. आता येईल नळाला पाणी."

संध्याकाळी मेणबत्तीवर लाख वितळवून यंत्राची पेटी सील करत होतो. तो पोरगा जवळ येऊन हळूच म्हणाला, "सर, आजींचं मत आपलंच ना?"

"सरक जरा," मी म्हटलं, "लाख सांडेल."