गुरुजींची पेटी: सूर मोजून झाले, भाता बाकी

गुरुजींच्या पेटीचं, म्हणजे हार्मोनियमच्या दुरुस्तीचं काम या महिन्यात बरंच पुढं सरकलं. साडेतीन सप्तकं, ४२ पट्ट्या, खर्ज-नर जोडीची (प्रत्येक पट्टीला एक खालचा, एक मधला असे दोन सूर) साधी हातपेटी. रीडबोर्ड, म्हणजे सूर बसवलेली फळी, बाहेर काढला, ८४ सूर (ज्यांच्या जिभा हवेनं थरथरून वाजतात त्या पितळी पट्ट्या) एकेक करून मऊ ब्रशनं झाडले आणि पट्ट्यांखालचं कडक झालेलं चामडं बदललं. पितळ अजून चांगलं आहे. खर्जातला एकच सूर मोडलाय, त्याचं पुढं सांगतो.

ज्यांना गुरुजी माहीत नाहीत त्यांच्यासाठी थोडं. जिल्हा परिषदेच्या प्राथमिक शाळांत त्यांची सगळी नोकरी झाली, पाटणपासून माणपर्यंत बदल्या झाल्या आणि प्रत्येक बदलीत ही पेटी एसटीच्या टपावरून त्यांच्याबरोबर गेली. मी चौथीला त्यांच्याकडे होतो. परिपाठाला पेटी असायचीच, पण कविता आणि पाढेही ते चालीवर घ्यायचे. सत्ताविसाचा पाढा मला आजही त्या ठेक्याशिवाय म्हणता येत नाही. निवृत्तीनंतर सकाळी गावातल्या मुली गाणं शिकायला येत, संध्याकाळी देवळात हरिपाठ. गेल्या वर्षी गुरुजी गेले आणि त्यांच्या मुलीनं, ताईंनी, पेटी माझ्याकडे दुरुस्तीला दिली.

पट्ट्या पुसताना पहिली गोष्ट दिसली ती त्यांची झीज. प्रत्येक सप्तकातल्या काळ्या पाचही पट्ट्यांचं पॉलिश गेलंय. पांढऱ्यांपैकी मात्र पहिली, चौथी आणि थोडी कमी पाचवी, एवढ्याच झिजल्यात. दुसरी, तिसरी, सहावी, सातवी जवळजवळ नव्यासारख्या. वाजवणाऱ्यांच्या लगेच लक्षात येईल: काळी एकचा (पहिल्या काळ्या पट्टीचा) सा धरला तर बिलावलाचे सात शुद्ध स्वर म्हणजे पाच काळ्या आणि पांढरी एक व चार. गुरुजींचा स्वतःचा आवाज काळी एकचा होता. पाचवी पांढरी कशानं झिजली, ते ट्यूनर (सुराची उंची मोजणारं यंत्र) लावल्यावर कळलं.

ट्यूनरवर मी ४४० हर्ट्झ (आजचं ठरलेलं प्रमाण) धरून मोजलं नाही. जुनी पेटी पूर्ण वर किंवा खाली सरकलेली असते, म्हणून काळी एक शून्य धरली आणि बाकीचे सूर तिच्याशी ताडून पाहिले. (शेजारच्या दोन पट्ट्यांत १०० सेंटचं अंतर, हा आजच्या पेटीचा हिशोब.) न वापरलेले सूर कसेही भरकटलेत. पण पांढरी चार, म्हणजे गंधार, तिन्ही सप्तकांत १४ सेंटच्या आसपास खाली. पांढरी एक, म्हणजे निषाद, १२ खाली. जुनेपणानं उतरलेला सूर प्रत्येक सप्तकात इतका सारखा उतरत नाही. भिंगाखाली पाहिलं तर त्या सुरांच्या जिभेवर मुळाशी बारीक खरवडल्याच्या रेघा आहेत. मुळाशी खरवडलं की सूर उतरतो, टोकाशी खरवडलं की चढतो. गुरुजींनी आपल्या हातानं पेटी तंबोऱ्यातून आपोआप ऐकू येणाऱ्या, जरा उतरत्या गंधाराला मिळवून घेतली होती.

धैवतानं मला दोन रात्री विचार करायला लावलं. गांधार ट्यूनिंगमध्ये (पेटी अशी तंबोऱ्याला मिळवायच्या पद्धतीत) धैवतही साधारण १६ सेंट उतरवतात. इथं काळी पाच, म्हणजे धैवत, उलट किंचित चढी, सहा सेंटच्या जवळ. आणि पांढरी पाच मात्र दहा सेंट खाली. काळी चारचा सा धरून पाहिला तेव्हा सगळं जुळलं. काळी चारला तीच काळी पाच रिषभ होते, ती उतरवली असती तर रिषभ बेसूर लागला असता. पांढरी पाच तिथं निषाद होते. काळी चार ही मुलींच्या आवाजाची पट्टी, परिपाठाची प्रार्थना याच पट्टीत व्हायची. काळी एकमधल्या हरिपाठाला धैवत थोडा चढा चालवून घेतला, पण शाळेतल्या पोरींचा रिषभ त्यांनी बिघडू दिला नाही. त्यांना हे कुणी शिकवलं, की कानानंच सापडलं, ताईंनाही माहीत नाही.

आकाशवाणीनं १९४० साली पेटीवर बंदी घातली आणि ती १९७१ पर्यंत राहिली. पेटीचे ठोकळेबाज सूर आपल्या गाण्याशी जुळत नाहीत, मींड (एका सुरावरून दुसऱ्यावर न तुटता घसरत जाणं) निघत नाही, हे आक्षेप होते. गुरुजींची उमेदीची वर्षं त्याच काळातली. मींडेचा आक्षेप कुणाला पुसता येत नाही. सुराच्या आक्षेपाला मात्र एका खेड्यातल्या मास्तरानं कानसीनं उत्तर दिलं होतं, आणि माझ्या मते ते बरोबर उत्तर आहे.

म्हणून ही पेटी मी समान अंतरावर आणणार नाही. दोन जाणत्या मित्रांनी सल्ला दिला की सगळे सूर ४४० ला नव्यानं मिळव, म्हणजे कुणालाही कुठल्याही पट्टीत वाजवता येईल. वापरात नसलेले सूर तसे मिळवीन. झिजलेल्या आठ पट्ट्यांना हात लावणार नाही. त्यांचे आकडे कागदावर लिहून झाकणाच्या आतल्या बाजूला चिकटवलेत, पुढं जो कुणी पेटी उघडेल त्याच्यासाठी.

आता राहिलं ते असं. भात्याच्या घड्या दोन ठिकाणी फुटल्यात, तिथं चामडं लावायचंय. मोडलेला सूर नेमका खर्जातल्या पांढऱ्या चारचा, म्हणजे गंधारच. गुजरातेतल्या पालिताण्याचा एक जुना सूर मापाला बसतोय, पण जीभ जाड आहे आणि तो चढा बोलतो. मुळाशी थोडं थोडं खरवडून चौदा सेंटपर्यंत उतरवायचाय. एकदम जास्त घेतलं तर टोकाशी घासून परत चढवावा लागतो आणि जीभ पातळ होते. खर्जाची जाड जीभ उतरवायला कुणी कानस सोडून दुसरं काही वापरत असेल तर सांगा. भाता होईपर्यंत मी त्याला हात लावत नाही.