रात्रभर न रडलेली पोरगी

विदर्भात सर्वांत कमी तापमान गोंदियात, अशी बातमी बहुतेक हिवाळ्यांत येते. सात अंश, आठ अंश. हिमाचलातल्या माणसाला हा आकडा किरकोळ वाटेल. पण तिथली घरं थंडीसाठी बांधलेली असतात, आमची उन्हाळ्यासाठी. मे महिन्यात पारा ४५ च्या आसपास जातो, म्हणून छप्पर उंच, कौलांना फटी, भिंत आणि छपराच्या मध्ये मोकळी जागा. वारा खेळला पाहिजे. तोच वारा डिसेंबरात पहाटे घरभर फिरतो. आभाळात ढग नसतो, उत्तरेकडून कोरडं वारं सुटतं आणि जमिनीने दिवसा घेतलेली ऊब रात्रीतून निघून जाते. २९ डिसेंबर २०१८ ला नागपुरातच पारा ३.५ अंशांवर उतरला होता. आमच्याकडे जंगलाच्या कडेला तर हातपाय बधिर व्हायची पाळी येते. मोठी माणसं शेकोटीजवळ सरकतात, म्हातारी माणसं अंगावर घोंगडं ओढतात. जे तान्हं आहे त्याला सरकताही येत नाही आणि सांगताही येत नाही.

मी गोंदिया जिल्ह्यातल्या सालेकसा तालुक्यात, एका गावात आशा कार्यकर्ती आहे, म्हणजे गावातल्या आरोग्याचं काम पाहते. हिवाळा लागला की माझा जीव तान्ह्या लेकरांत अडकलेला असतो. ही गोष्ट अशाच एका डिसेंबरातली.

पोरगी दवाखान्यात जन्मली होती, दिवस भरायच्या आधी. वजन २ किलो १०० ग्रॅम. आई पहिलटकरीण, बाळंतपणाला माहेरी आलेली. दवाखान्यात जन्मलेल्या बाळाला आम्ही ३, ७, १४, २१, २८ आणि ४२ व्या दिवशी घरी जाऊन पाहतो. तिसऱ्या दिवशी मी पाहिली तेव्हा ठीक होती, दूध ओढत होती. आजीला म्हटलं, वजन कमी आहे, आत्ता आंघोळ नको, ओल्या फडक्याने पुसा आणि लगेच कोरडं करा. आजी ‘हव’ म्हणाल्या.

मध्ये पाचवी आली. पाचवी म्हणजे घर सारवणं आलं, बाळ-बाळंतिणीचं न्हाणं आलं, रात्री सटवाईची पूजा आली. त्यात वाईट हेतू कोणाचाच नसतो. उलट लेकराचं नशीब चांगलं लिहिलं जावं म्हणूनच सगळं चाललेलं असतं.

सहाव्या दिवशी उजाडायच्या आत बाळाचा बाप दारात. ‘बाई, पोरगी दूध नाही पीत जी.’ मी पिशवी उचलली आणि निघाले. धुकं इतकं की समोरची तणसाची गंजी दिसेना.

खोलीत शिरल्याबरोबर धूर. बाजेखाली घमेल्यात विस्तव, दार-खिडकी घट्ट बंद. काल सारवलेली जमीन अजून ओलसर, पायाला झोंबत होती. आजी म्हणाल्या, ‘रात्रभर रडली नाही जी बाई. लय गुणाची पोरगी आहे.’ हे ऐकलं आणि माझ्या पोटात गोळा आला. एवढ्या थंडीत सहा दिवसांचं लेकरू रात्रभर रडत नाही, दुधाला उठत नाही, तेव्हा ते गुणाचं नसतं, ते थकलेलं असतं.

आम्हाला शिकवलेली पहिली तपासणी हाताच्या पाठीने करायची. आधी पोट, मग तळपाय. दोन्ही कोमट तर बाळ बरं. पोट कोमट पण पाय गार, तर थंडी लागायला सुरुवात झाली. दोन्ही गार, तर धोका. मी हात चोळून गरम केले, दुपटं उघडलं. आजी कळवळल्या, ‘कायले उघडी करता तिले?’ तळपाय गारच होते. पोटावर हात ठेवला, तेही गार. आत कपड्याची घडी ओली. कधी लघवी केली ते वरच्या तीन दुपट्यांमुळे कोणाला कळलंच नव्हतं. अंगाला कालचं तेल, डोकं उघडं. काखेत थर्मामीटर धरलं. ९४.६. निरोगी बाळाचं ९७.७ ते ९९.५ फॅरनहाइट असायला हवं.

बाळ गार का पडतं, हे मला आता आजीला सांगायला जमतं, तेव्हा घाईत जमलं नाही. तान्ह्याला आपल्यासारखं कुडकुडता येत नाही. पाठीत, मानेजवळ, मूत्रपिंडाभोवती थोडी खास तपकिरी चरबी असते, ती जाळून ते अंग गरम ठेवतं. दिवस न भरलेल्या बाळाजवळ ती शिलकी फार कमी. वजनाच्या मानाने कातडीचं क्षेत्रफळ जास्त, डोकं मोठं, म्हणून ऊब भराभर जाते: ओल्या कापडातून, गार जमिनीकडे, फटीतल्या वाऱ्यात. मग बाळ साखर जास्त जाळतं, प्राणवायू जास्त वापरतं, थकतं, दूध ओढत नाही. दूध नाही तर साखर नाही, साखर नाही तर ऊब नाही. हे चक्र एकदा सुरू झालं की वरून कितीही गोधड्या टाका. गोधडी असलेली ऊब धरून ठेवते, नसलेली ऊब तयार करत नाही.

मी घमेलं बाहेर काढायला लावलं. बंद खोलीतल्या विस्तवाचा धूर तर दिसतो, पण त्यातला कार्बन मोनॉक्साइड दिसत नाही, वासही येत नाही, आणि त्या इवल्या फुप्फुसांना दोन्ही सोसत नाहीत. ओले कपडे काढले, अंग कोरडं पुसलं, डोक्याला टोपी, पायात मोजे, कोरडा लंगोट. बाकी अंग उघडंच. आईला म्हटलं, ‘बाई, पोलक्याची बटणं सोड.’ पोरगी तिच्या उघड्या छातीवर उभी ठेवली, बेडकासारखे पाय दुमडून, तोंड एका बाजूला, नाक मोकळं. वरून आईचंच लुगडं गुंडाळून बांधलं, त्यावर गोधडी. बाज गार पडली होती, म्हणून खाली तणस पसरून जाड अंथरूण केलं.

याला कांगारू पद्धत म्हणतात. १९७८ मध्ये कोलंबियातल्या बोगोटा शहरात बाळांना उबेत ठेवायच्या काचेच्या पेट्या कमी पडत होत्या, तेव्हा डॉक्टरांनी ही सुरू केली. आणि घरी जाऊन तान्ह्याला सांभाळायचं आमचं हे काम तर आमच्या शेजारच्या गडचिरोलीत उभं राहिलं. डॉ. अभय बंग आणि डॉ. राणी बंग यांच्या ‘सर्च’ या संस्थेने गावातल्याच बायकांना शिकवलं, ३९ गावांत काम केलं, आणि नवजात बाळांचे मृत्यू ६२ टक्क्यांनी कमी झाले. १९९९ मध्ये ते ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात छापून आलं. २०११ पासून देशभरच्या आशा हे काम करतात. मला त्याचा अभिमान आहे. दहावी शिकलेल्या बाईच्या हातात थर्मामीटर आणि झोळीचा काटा देऊन जीव वाचतो, हे आमच्याच मातीत सिद्ध झालं.

सिस्टरना फोन केला, १०२ ची रुग्णवाहिका मागवली. गाडी येईपर्यंत आईचं दूध वाटीत काढलं. पोरगी ओढत नव्हती, पण ओठावर थेंब ठेवला की जीभ हलायची, गिळायची. म्हणून अगदी थेंबाथेंबाने दिलं. तासाभराने काखेत ९५.९. एवढ्यावर निर्धास्त होता येत नव्हतं, पण आकडा वर चढत होता.

गाडीत नवीनच अडचण. आईला रस्त्याच्या धक्क्यांनी उलट्या सुरू झाल्या. बाळाला तिथं ठेवणं शक्य नव्हतं. मी बापाकडे पाहिलं. ‘दादा, स्वेटर-सदरा काढा.’ तो लाजला. ‘मी कसा घेऊ जी?’ मी म्हटलं, छाती कोणाचीही चालते, ऊब लागते. धान कापून, मळून हात खरबरीत झालेले, त्यामुळे बोटं लावायला घाबरत होता. पण एकदा पोरगी छातीला लागल्यावर त्याने दोन्ही हातांनी असं कवच केलं की मला गाठ बांधायचीही गरज पडली नाही. ड्रायव्हरने काचा बंद केल्या. गोंदियापर्यंत तो माणूस एकदाही मागे टेकून बसला नाही.

एसएनसीयूत, म्हणजे आजारी तान्ह्यांच्या खास कक्षात पोचलो तेव्हा अंगाचं तापमान मोजलं, ९७ च्या जरा वर. रक्तातली साखर कमी निघाली, सलाइनमधून ग्लुकोज सुरू केलं, वॉर्मरखाली ठेवलं. पुढे तिथेच आईला रोज कांगारू द्यायला बसवलं, आणि दूध ओढायला लागल्यावर घरी सोडलं. जागतिक आरोग्य संघटनेने २०२२ मध्ये सांगितलंय की कमी दिवसांच्या नि कमी वजनाच्या बाळांना ही पद्धत जन्मानंतर लगेच सुरू करावी, दिवसाचे ८ ते २४ तास. आठ तास म्हणजे घरातल्या एकट्या बाईचं काम नाही, सगळ्यांनी वाटून घ्यायचं. तिच्या घरी आजी, बाप आणि मामी पाळी लावायचे. आजी छातीवर घेऊन बसायच्या तेव्हा गल्लीतल्या बायका पाहायला यायच्या, आणि त्यांना सगळं समजावून सांगायच्या त्या आजीच.

४२ व्या दिवशी झोळीचा काटा २ किलो ८५० वर थांबला. पोट कोमट, पाय कोमट, आणि मी झोळीत ठेवताच पोरीने सगळं घर डोक्यावर घेतलं. दीड महिन्याची लस अंगणवाडीत घ्यायला या म्हणून सांगितलं, कार्डावर तारीख लिहिली. आजी म्हणाल्या, ‘आता तरी न्हाऊ घालू का जी?’ म्हटलं, घाला. पण दुपारी ऊन आल्यावर, दार लावून, पाणी आधी कोपराने पाहून. आणि पुसून झालं की आधी टोपी, मग आईजवळ.