एकतिसाव्या प्रश्नापासून : आमची वाटचाल

"दादा, मी एकतिसाव्या प्रश्नावर होते. घरून फोन आला म्हणून दोन मिनिटं बोलले. परत येऊन बघते तर फॉर्म पहिल्या प्रश्नावर. सगळं कोरं."

आरोग्य पाहणी करणाऱ्या एका ताईंचा हा फोन मला आजही शब्दन् शब्द आठवतो. आम्ही बनवलेल्या मोबाइल ॲपमधला तो फॉर्म ४२ प्रश्नांचा होता. घरातली माणसं, आजारपणं, बाळंतपणं, आणि घरात झालेले मृत्यू. ताईंच्या समोर बसलेल्या बाईंनी हे सगळं एकदा सांगून झालं होतं. "आता त्यांना ते परत कसं विचारू?" असं ताई हळू आवाजात म्हणाल्या, कारण त्या अजून त्याच घरात बसल्या होत्या.

कंपनी सुरू करून तेव्हा आठ महिने झाले होते. मी आणि माझी भागीदार, दोघंच. कोड मी लिहायचो, डिझाइन आणि टेस्टिंग ती बघायची. आमच्या फोनवर हा फॉर्म एकदाही हरवला नव्हता. आम्ही एकमेकांना फोन लावून पाहिले, होमचं बटण दाबून दहा वेळा आत-बाहेर केलं, फॉर्म होता तिथेच. मग भागीदाराने विचारलं, "आपल्या फोनला मेमरी किती आणि त्यांच्या फोनला किती?" त्यांच्या फोनला २ जीबी होती.

त्या रात्री अँड्रॉइडच्या डेव्हलपर ऑप्शन्समध्ये, म्हणजे ॲप बनवणाऱ्यांसाठीच्या सेटिंग्जमध्ये, 'डोन्ट कीप ॲक्टिव्हिटीज' नावाची एक खूण आम्हाला सापडली. ती लावली की स्क्रीन सोडल्या सोडल्या सिस्टिम ती मोडून टाकते. खूण लावली, एकतीस प्रश्न भरले, होम दाबलं, परत आलो. कोरं. ताईंनी पाहिलं तेच आता आमच्या डोळ्यांसमोर होतं.

तोपर्यंत आमच्या डोक्यात ॲपच्या दोनच अवस्था होत्या, चालू आणि बंद. खरी गोष्ट वेगळी आहे. माणूस दुसऱ्या ॲपवर गेला की आपलं ॲप मागे जातं आणि मेमरी कमी पडली की सिस्टिम मागच्यांना न विचारता काढून टाकते. समोर जे दिसतंय ते जपायचं, मागचं सोडून द्यायचं, हा तिचा हिशेब. गंमत वाटेल, पण रिसेंट्समधलं, म्हणजे नुकत्याच वापरलेल्या ॲप्सच्या यादीतलं, कार्ड मात्र तसंच राहतं. वापरणाऱ्याला वाटतं ॲप मागे उघडं आहे; प्रत्यक्षात त्याची प्रोसेस, म्हणजे मेमरीत चालणारा त्याचा कोड, कधीच संपलेली असते. कार्डावर टॅप केल्यावर सिस्टिम नवी प्रोसेस सुरू करते आणि जाताना तुम्ही 'ऑनसेव्हइन्स्टन्सस्टेट'मध्ये काही बांधून दिलं असेल तर तेवढी शिदोरी परत हातात देते. आम्ही काहीच दिलेलं नव्हतं. सगळी उत्तरं मेमरीत, एका ऑब्जेक्टमध्ये होती. छोट्या मेमरीच्या फोनवर तर पाहणीतला फोटो काढायला कॅमेरा उघडला, तरी तेवढ्या भाराने आमचं ॲप बाहेर फेकलं जायचं.

पहिला उपाय चुकला. सगळी उत्तरं, सोबत छोटे करून ठेवलेले फोटोसुद्धा, आम्ही त्या शिदोरीतच कोंबले. अँड्रॉइड ७ तेव्हा नवीन होतं. ज्या फोनवर ते होतं, तिथे आता होमचं बटण दाबताच ॲप क्रॅश व्हायला लागलं. ही शिदोरी बाइंडरमधून, म्हणजे ॲप आणि सिस्टिम यांच्यातल्या देवाणघेवाणीच्या वाटेने जाते, तिथली जागा साधारण १ एमबी असते, आणि तीही त्या वेळी प्रोसेसमध्ये चाललेल्या सगळ्या देवाणघेवाणीत वाटली जाते. आधीच्या आवृत्त्या जास्तीचं ओझं गुपचूप टाकून द्यायच्या. सातव्यापासून सरळ एरर येते. म्हणजे फॉर्म कोरा होण्याऐवजी आम्ही ॲप पाडायला लागलो होतो.

दुसरा उपाय आजही आमच्या प्रत्येक ॲपमध्ये आहे. उत्तर दिलं की त्याच क्षणी ते फोनमधल्या डेटाबेसमध्ये, सोबत वेळेची नोंद. 'सेव्ह' बटणाची वाट बघायची नाही, स्क्रीन मागे जाताना येणाऱ्या 'ऑनपॉज' या सूचनेची नाही, आणि ती मोडताना येणाऱ्या 'ऑनडिस्ट्रॉय'ची तर नाहीच, कारण सिस्टिमने प्रोसेस मारली तर ते कधी येतच नाही. शिदोरीत फक्त फॉर्मचा क्रमांक आणि कितव्या प्रश्नावर आहोत एवढंच. फोटो फाइलमध्ये. हे बसवायला तीन आठवडे लागले. त्यासाठी हातात आलेलं दुसरं काम आम्ही सोडलं आणि ज्यांचं ॲप होतं त्यांच्याकडून वेगळे पैसे घेतले नाहीत. महिना कठीण गेला. तो निर्णय बरोबर होता असं मला तेव्हाही वाटत होतं आणि आजही वाटतं.

दुसऱ्या एका कामात आम्ही ग्राहक गमावला. सराव परीक्षेचं ॲप होतं. आम्ही टायमर असा लिहिला होता की दर सेकंदाला एक वजा करायचा. स्क्रीन बंद केली की थोड्या वेळाने फोन गाढ झोपायचा आणि आमचे सेकंदही झोपायचे. मुलांना हे आमच्याआधी कळलं. नव्वद मिनिटांची परीक्षा काहींनी आरामात अडीच तास दिली. ज्यांनी प्रामाणिकपणे सोडवली त्यांचे क्रमांक खाली गेले, आणि मला सर्वांत जास्त लागलं ते हेच. ग्राहकाने काम काढून घेतलं; त्यांचं बरोबर होतं.

आता आम्ही उरलेले सेकंद कुठेच साठवत नाही. परीक्षा कधी संपणार तो क्षण साठवतो आणि परत आल्यावर त्यातून आत्ताचा क्षण वजा करतो. पण आत्ताचा क्षण कोणत्या घड्याळाचा? भिंतीवरच्यासारखं फोनचं घड्याळ सेटिंग्जमधून मागे करता येतं. म्हणून फोन सुरू झाल्यापासूनचा वेळ मोजणारं 'इलॅप्स्ड रिअलटाइम' वापरायचं. फोन झोपला तरी ते चालत राहतं. ते रीस्टार्टनंतर शून्यावर येतं, म्हणून उत्तरपत्रिका पाठवताना सर्व्हरच्या वेळेशी ताळा करायचा. चार ओळींचं काम. ग्राहक जायच्या आधी लिहिलं असतं तर बरं झालं असतं.

आयफोनचं काम आलं तेव्हा आम्ही पाच जण झालो होतो. २०१० साली आयओएस ४ येईपर्यंत तिथे होमचं बटण दाबलं की बाहेरून आणलेलं ॲप संपायचंच. नंतर ते मागे गोठून राहायला लागलं. मागे जाताना आवराआवरीला साधारण पाच सेकंद मिळतात. जास्त हवे असतील तर मागून घ्यावे लागतात, आणि तेही मोजकेच. गोठलेल्या ॲपला सिस्टिम काढते तेव्हा आपल्या कोडला निरोपाची कुठलीही सूचना येत नाही. 'ॲप्लिकेशन विल टर्मिनेट' असं एका सूचनेचं नाव वाचून पुष्कळ जण त्याच्यावर विसंबतात. आमच्याकडे नवीन आलेल्या प्रत्येकाला मी पहिल्या आठवड्यात हे दाखवतो.

त्या ॲपमध्ये रुग्णांचे तपासणी अहवाल होते. मागे जाताना आयओएस स्क्रीनचा एक फोटो काढून ठेवतं, ॲप बदलण्याच्या पडद्यावर दाखवायला. आमच्या टेस्टरने सहज वर सरकवून ॲप्सची रांग उघडली, आणि त्यात रक्ताचा अहवाल नावासकट वाचता येत होता. लॉक लावलेल्या ॲपचा! मग मागे जाण्यापूर्वी स्क्रीनवर कोरा पडदा टाकायला सुरुवात केली. अँड्रॉइडवर त्यासाठी 'सिक्युअर' फ्लॅग आहे, पण त्याने स्क्रीनशॉटही बंद होतो, आणि डॉक्टरांना दाखवायला लोकांना स्क्रीनशॉट हवा असतो. त्यामुळे तो सगळीकडे न लावता कुठल्या स्क्रीनवर लावायचा हे ग्राहकासोबत बसून ठरवावं लागतं.

त्याच ॲपमधला आणखी एक प्रकार सांगतो, कारण त्यात आमचे दोन दिवस गेले. ॲप पुन्हा समोर आलं की चेहरा ओळखून कुलूप उघडायचं, असं ठरलं होतं. आम्ही ते 'ॲक्टिव्ह झालं' या घटनेला जोडलं. चेहरा ओळखणारी सिस्टिमची खिडकी वर आली की आपलं ॲप क्षणभर 'इनॅक्टिव्ह' होतं, खिडकी गेली की पुन्हा 'ॲक्टिव्ह'. मग आमचा कोड पुन्हा चेहरा मागायचा, पुन्हा खिडकी, पुन्हा तेच. माणूस फोनसमोर चेहरा धरून बसलाय आणि दार उघडतच नाही. 'इनॅक्टिव्ह' आणि 'बॅकग्राउंड' यांतला फरक आम्ही त्या दोन दिवसांत शिकलो. नोटिफिकेशनचा पडदा ओढला किंवा फोन वाजला, तर ॲप फक्त बाजूला झालेलं असतं, गेलेलं नसतं. कुलूप खरोखर गेल्यावरच लावायचं.

२०१७ मध्ये अँड्रॉइड ८ आलं आणि मागे राहून काम करण्यावर मर्यादा आल्या. आमची फोटो पाठवणारी सर्व्हिस ॲप मागे गेल्यावर थोड्याच वेळात थांबायला लागली. पुढे वर्कमॅनेजर हे मागची कामं सोपवायचं अँड्रॉइडचं साधन आलं तेव्हा हे काम त्याच्याकडे दिलं; नेटवर्क मिळालं की तो उचलतो. ठरावीक अंतराने करायचं काम तो १५ मिनिटांपेक्षा जवळ-जवळ करत नाही, आणि हे ग्राहकाला आधीच सांगणं फार गरजेचं आहे. "ॲप बंद असतानाही दर मिनिटाला लोकेशन आलं पाहिजे," अशी मागणी अजूनही येते. मी सांगतो की ते करायचं तर फोरग्राउंड सर्व्हिस, म्हणजे वापरणाऱ्याला कळेल असं उघड चालणारं काम, लागेल, वापरणाऱ्याला नोटिफिकेशन दाखवावं लागेल, आणि ते दाखवलंच पाहिजे, कारण फोन त्याचा आहे. शिवाय काही फोन कंपन्या बॅटरी वाचवायला स्वतःचे जादा नियम लावतात, त्यामुळे सगळ्या फोनांवर सारखं चालेल असा शब्द मी देत नाही. दोन कामं या उत्तरामुळे गेली. जी राहिली ती वर्षानुवर्षं टिकली आहेत.

'बंद' हा शब्द तर आम्ही बोलण्यातून काढूनच टाकलाय. रिसेंट्समधून सरकवलं, की सेटिंग्जमध्ये जाऊन फोर्स स्टॉप केलं? अँड्रॉइडवर फोर्स स्टॉपनंतर माणूस स्वतः ॲप उघडेपर्यंत ठरवलेली कामंही उठत नाहीत. आयफोनवर नुसतं वर सरकवून काढलं तरी मागच्या कामांसाठी सिस्टिम ॲपला सहसा जागं करत नाही. तक्रार आली की आमचा पहिला प्रश्न असतो, "नेमकं कसं बंद केलं, बोटाने काय केलं ते सांगा."

एक तक्रार आठवडाभर छळत होती. फॉर्ममधली अर्धवट टाइप केलेली ओळ पुसली जायची, पण फक्त संध्याकाळी. सकाळी कितीही प्रयत्न करा, काही नाही. एके दिवशी टेस्टर उशिरापर्यंत थांबली आणि तिच्या डोळ्यांदेखत स्क्रीन पांढऱ्याची काळी झाली. अँड्रॉइड १० पासून डार्क थीम आली, आणि त्या फोनांवर ती सूर्यास्ताला आपोआप लागेल अशी सोय होती. थीम बदलली की, फोन आडवा केल्यावर होतं तसं, स्क्रीन मोडून नव्याने बांधली जाते. उत्तर पूर्ण झाल्यावर आम्ही साठवत होतो, टाइप होत असलेली ओळ मात्र हवेत होती. आता टाइप करताना क्षणभर थांबलं तरी ओळ साठते.

आता आम्ही अकरा जण आहोत. बरीचशी कामं फ्लटरवर आहेत, म्हणजे दोन्हीकडे एकच कोड. त्यात २०२३ मध्ये ३.१३ आवृत्तीत ॲपची 'हिडन' ही अवस्था वाढली; रिझ्युम्ड, इनॅक्टिव्ह, पॉज्ड, डिटॅच्ड आधीपासून होत्या. कोड एक झाला म्हणून खालच्या सिस्टिमचे स्वभाव एक होत नाहीत. ॲप संपताना 'डिटॅच्ड' येईल आणि मग साठवू, असं कुणी लिहिलं असेल तर ते मी रिव्ह्यूमध्ये परत पाठवतो.

कोटेशनसोबत आम्ही एक पान जोडतो, 'वापरणारा परत आला की'. पाच मिनिटांनी आला तर काय दिसेल, तीन दिवसांनी आला तर काय. अर्धवट फॉर्म तीन दिवसांनीही तसाच हवा. बातम्यांची यादी मात्र ताजी हवी. 'पाठवा' दाबून माणूस दुसरीकडे गेला आणि परत आला तर? अर्ज गेला की नाही हे ॲपलाही माहीत नसतं, म्हणून प्रत्येक अर्जाला फोनवरच एक क्रमांक देतो. तोच क्रमांक पुन्हा आला तर सर्व्हर नवा अर्ज न बनवता जुनीच पावती परत देतो. हे पान भरताना ग्राहक सुरुवातीला कंटाळतात, मग स्वतःच प्रश्न सुचवायला लागतात.

आरोग्य पाहणीचं ॲप अजून वापरात आहे आणि त्या ताईही अजून तेच काम करतात. मागच्या महिन्यात नोंदी तपासताना त्यांचा एक फॉर्म समोर आला. छत्तिसावं उत्तर ११ वाजून ४० मिनिटांनी, सदतिसावं १ वाजून ५२ मिनिटांनी. मध्ये बॅटरी एक टक्क्यावर गेल्याची नोंद, मग फोन पुन्हा सुरू झाल्याची. त्यानंतर अडतीस, एकोणचाळीस, बेचाळीसपर्यंत ओळीने. त्या दिवशी ताईंचा फोन आम्हाला आलेला नव्हता.