तुम्ही विचारलंत म्हणून: मॅटरहॉर्न चढलात का हो?

पुण्याहून कोणी पाहुणे आले की त्यांना स्वित्झर्लंडमधल्या झेरमाट गावी नेणं आलंच, आणि तिथे मॅटरहॉर्नचा डोंगर दिसला की दोन मिनिटं सगळे गप्प, मग फोटो, मग ठरलेला प्रश्न, "तुम्ही एवढे गड-किल्ले केलेत, हा केलात का? ४४७८ मीटर म्हणजे एव्हरेस्टच्या निम्माच की!"

नाही केला. त्याच्या धारेच्या पायथ्याशी गिर्यारोहकांचा मुक्काम असतो त्या हॉर्नली हटपर्यंत गेलोय, ३२६० मीटर. श्वार्झसेपर्यंत केबल कार, पुढे दोन-अडीच तास चाल, बऱ्यापैकी दम असलेला माणूस आरामात जातो.

खरा डोंगर हटच्या मागे सुरू होतो. नुसत्या उंचीच्या आकड्यावर जाऊ नका, तिथून माथा अजून १२०० मीटर वर आहे आणि ती सगळी कातळाची धार, ढिले दगड, उभ्या टप्प्यांवर कायमचे बांधलेले जाड दोर. एकेक टप्पा सुटा घेतला तर फार अवघड नाही म्हणतात, पण ते संपतच नाहीत ना! म्हणून लोक पहाटे अंधारात निघतात, एका गाईडमागे एकच माणूस. ४००३ मीटरवर सोल्वे नावाची छोटीशी झोपडी आहे, तीही फक्त इमर्जन्सीसाठी.

आणि उतरायला चढण्याइतकाच वेळ लागतो, हे कोणी धरतच नाही. १४ जुलै १८६५ ला इंग्लिश गिर्यारोहक व्हिम्पर आणि सोबतचे सहाजण पहिल्यांदा माथ्यावर पोचले, सगळं छान, आणि उतरताना हॅडो घसरला तो गाईड क्रोवर आदळला, त्या दोघांनी हडसन आणि लॉर्ड डग्लसला ओढलं, दोर तुटला, चौघे नॉर्थ फेसवरून, म्हणजे उत्तरेकडच्या कड्यावरून, खाली. डग्लस कधीच सापडला नाही. वाचले ते व्हिम्पर आणि टाउगवाल्डर बापलेक, तेही दोर तुटला म्हणून. तो तुकडा झेरमाटच्या म्युझियममध्ये आहे. त्यांच्याकडच्या दोरांतला सगळ्यात कच्चा होता म्हणे, आणि बघताना तसाच वाटतो, आपण गादी बांधायला घेऊ तसला. पाहुण्यांना मी आधी तिथे नेतो, फोटो नंतर.

त्या दिवशी हटबाहेर कॉफी पीत बसलो होतो, दुपारी दोघं उतरून आले, त्यातला तरुण पोरगा पायरीवर बसला आणि हेल्मेटसुद्धा न काढता बराच वेळ नुसता बुटांकडे बघत राहिला. वर पोचलास का, हे मी काही त्याला विचारलं नाही.