१९६३ ची स्प्लिट विंडो, आठवडा सहावा: खाली डंटॉव्ह, वर मिचेल

शेव्हरोले कॉर्व्हेट या अमेरिकी स्पोर्ट्स कारचं, मागची काच मधोमध दुभागलेलं (स्प्लिट विंडो) १९६३ चं छोटं मॉडेल मी किटमधून बनवतोय. त्याचं मागचं सस्पेन्शन, म्हणजे चाकं धरून धक्के सोसणारी रचना, अखेर चासीवर (सांगाड्यावर) बसलं. तीन संध्याकाळी त्यातच गेल्या. १:२५ च्या (मूळ गाडीच्या पंचविसाव्या हिश्शाच्या) किटमधले हाफशाफ्ट, म्हणजे मागची चाकं फिरवणारे दांडे, काडेपेटीतल्या काडीहून बारीक. डावा स्प्रूवरून, म्हणजे सुटे भाग जिला जोडून येतात त्या प्लास्टिकच्या चौकटीवरून, कापतानाच तुटला. पितळी तारेचा नवा केला. तो बसवताना, आकृत्या बघून कधी नीट उमगलं नव्हतं ते हाताला कळलं. या कॉर्व्हेटमध्ये चाकाला वरून धरणारा वेगळा आर्म नाहीच. हाफशाफ्ट चाक फिरवतो आणि तोच ते धरूनही ठेवतो. खालून एक रॉड, पुढून ट्रेलिंग आर्म (चाकाला पुढून धरणारा दांडा), आणि डिफरन्शियलखाली (दोन्ही मागच्या चाकांना ताकद वाटणाऱ्या गिअरपेटीखाली) आडवा नऊ पट्ट्यांचा पाटा (स्प्रिंग). संपलं. इतक्या थोड्या भागांत स्वतंत्र (प्रत्येक चाक वेगळं हलू देणारं) सस्पेन्शन साधणाऱ्या कॉर्व्हेटच्या इंजिनिअर झोरा आर्कस-डंटॉव्ह यांच्यापुढे मी मनापासून हात जोडतो.

डंटॉव्ह १९०९ मध्ये ब्रसेल्सला एका रशियन कुटुंबात जन्मले आणि बर्लिनमध्ये इंजिनिअर झाले. कॉर्व्हेट बनवणाऱ्या जनरल मोटर्सचे तेव्हाचे डिझाइनप्रमुख हार्ली अर्ल यांची पहिली कॉर्व्हेट त्यांनी जानेवारी १९५३ मध्ये न्यूयॉर्कच्या वॉल्डॉर्फ ॲस्टोरिया हॉटेलातल्या प्रदर्शनात पाहिली. रूप देखणं, पण बॉनेटखाली सहा सिलिंडर आणि सोबत दोनच गिअरचा पॉवरग्लाइड हा ऑटोमॅटिक गिअरबॉक्स. त्याच वर्षी ते जनरल मोटर्समध्ये रुजू झाले. पुढे शेव्हरोलेचे मुख्य इंजिनिअर एड कोल यांचं व्ही-८ (आठ सिलिंडरचं) इंजिन १९५५ मध्ये या गाडीत आलं. स्वतंत्र मागच्या चाकांसाठी मात्र १९६३ उजाडावं लागलं. तेव्हाच व्हीलबेस (पुढच्या-मागच्या चाकांमधलं अंतर) १०२ इंचांवरून ९८ वर आला. माझ्या टेबलावर हा फरक जेमतेम चार मिलिमीटरचा, पण शेजारी १९६२ चं मॉडेल ठेवलं की नजरेत भरतो.

आता बॉडी. इथून अर्ल यांच्यानंतरचे डिझाइनप्रमुख बिल मिचेल यांचं राज्य सुरू होतं. पहिलं रेखाटन १९५७ मध्ये पीट ब्रॉक या तरुण डिझायनरनं केलं आणि लॅरी शिनोडा यांनी त्याला अंतिम आकार दिला. (दुसऱ्या महायुद्धात अमेरिकी सरकारनं जपानी वंशाच्या लोकांना डांबलं, तेव्हा शिनोडा लहानपणी मांझानारच्या छावणीत होते. त्यांची रेघ बघताना मला हे दर वेळी आठवतं.) छतावरून निघालेला कणा मागची काच चिरत खाली शेपटापर्यंत जातो. मिचेलना तो हवाच होता. मागचं दिसत नाही म्हणून डंटॉव्हना ती पट्टी नको होती. १९६३ पुरता मिचेल यांचा शब्द चालला. १९६४ मध्ये काच अखंड झाली.

काल रंग देण्याआधी बॉडी नुसती चासीवर टेकवली आणि पुढच्या काचेतून डोळा लावून मागे पाहिलं. पट्टी बरोबर आरशाच्या रेषेत येते. डंटॉव्ह यांचं म्हणणं खरंच होतं. पण किट हातात फिरवताना कण्याची ती सलग धार बोटाला लागते, आणि माझं मत मिचेल यांच्या बाजूनं पडतं. चालवणाऱ्यानं माझं ऐकू नये.

पट्टीच्या मुळाशी मोल्डची शिवण होती. पुट्टी भरून १००० नंबरच्या पेपरनं पाण्यात घासली, प्रायमरचा एक हात दिला. आता बॉनेटवरच्या दोन जाळ्या राहिल्या. मूळ गाडीतही त्या शोभेच्याच, हवा आत जात नाही, त्यामुळे त्या कोरून आरपार करणार नाही. खोबणीत काळ्या रंगाचा पातळ वॉश (पाण्यासारखा पातळ रंग) पुरे. रविवारी पाऊस नसेल तर सेब्रिंग सिल्व्हरचा पहिला थर.