गिटारच्या नेक पिकअपच्या गढूळ आवाजाचं काय करायचं, ते एकदाचं ठरलं

रविवार, रात्री

गिटारचे दोन्ही पिकअप (तारांखालचे चुंबक आणि वायरीच्या वेढ्यांचे, आवाज पकडणारे डबे) बदलायचे: नेकला, म्हणजे मानेकडच्या बाजूला, जॅझ, आणि ब्रिजला, म्हणजे तारा शेवटी टेकतात त्या बाजूला, ५९; दोन्ही मॉडेल सेमूर डंकन कंपनीची. ठरलं. आता हे कसं ठरलं ते लिहूनच ठेवतो, नाहीतर पुढच्या वर्षी परत रात्री दोनपर्यंत जागून हेच दळण दळत बसेन.

गिटार लेस पॉल टाइप (गिब्सनच्या त्या मॉडेलसारखी) आहे, कंपनीचं नाव घेत नाही कारण बाकी गिटारबद्दल माझी काही तक्रार नाही, मान सरळ आहे, फ्रेट नीट आहेत, ट्यूनिंग टिकतं. तक्रार आवाजाची. आमचा बँड म्हणजे सोसायटीचा गणपती, कोणाचं तरी रिसेप्शन, कधीतरी एखादा कॅफे, त्यामुळे निम्म्याहून जास्त वेळ मी क्लीन आवाजात जुन्या हिंदी-मराठी गाण्यांना कॉर्ड धरत असतो आणि तेही नेक पिकअपवर. आता ए मायनर सेव्हन धरला तर त्यातल्या तारा वेगवेगळ्या कळायला पाहिजेत ना, तर माझ्याकडून जातो तो एकच गोळा. त्यात कीबोर्डवाल्याचा डावा हात खाली चालू, खाली बेस गिटार आहेच, म्हणजे खालच्या पट्टीत तिघं जण एकमेकांच्या पायावर पाय देतायत आणि माझी गिटार नक्की आहे कुठे हे मलाच शोधावं लागतं.

आधी फुकटचे उपाय. पिकअपच्या कडेचे दोन स्क्रू फिरवून उंची कमी-जास्त करता येते हे बऱ्याच जणांना माहीतच नसतं. शेवटचा फ्रेट दाबून तार आणि पोल (पिकअपवरचा तारेखालचा लोखंडी खुंट) यांच्यातलं अंतर मोजायचं, गिब्सनवाले नेकला २.४ मिमी आणि ब्रिजला १.६ मिमी सांगतात. माझा नेक त्यापेक्षा बराच वर आला होता. जाड तारांच्या बाजूने तो जवळजवळ ३ मिमीपर्यंत खाली नेला आणि बारीक तीन तारांचे पोल-स्क्रू अर्धा-अर्धा फेरा बाहेर काढले. फरक पडला, चांगला पडला, पण गढूळपणा काही पूर्ण गेला नाही.

मग पिकअपच्या वायरीचा रेझिस्टन्स बघायला मल्टीमीटर काढला. गिटार उघडायचीसुद्धा गरज नाही, केबल लावायची, व्हॉल्यूम फुल, स्विच एका पिकअपवर, आणि केबलच्या मोकळ्या टोकाला जॅकच्या टिपला एक प्रोब, दांड्याला दुसरा. व्हॉल्यूमचा पॉट (नॉबखालचा फिरता रेझिस्टर) पॅरललमध्ये असल्यामुळे आकडा थोडा कमी दिसतो, म्हणजे ८ के (किलोओम) चा पिकअप ५०० के च्या पॉटबरोबर ७.८७ दाखवेल, तेवढं धरून चालायचं. टोनचा पॉट यात येत नाही कारण मध्ये कपॅसिटर असतो आणि तो डीसी अडवतो. तर माझे दोन्ही पिकअप १२ के च्या आसपास निघाले. दोन्ही! म्हणजे कंपनीने एकाच मापाचे दोन तुकडे दोन्हीकडे बसवलेत.

घोळ हाच आहे. नेकपाशी तार जास्त हलते, त्यामुळे तिथे सिग्नल आधीच मोठा आणि बेस आधीच भरपूर. तिथे कमी वेढ्यांचा, म्हणजे साधारण कमी के चा, पिकअप पाहिजे. वेढे वाढवले की आवाज मोठा होतो पण वरचा ट्रेबल कापला जातो आणि नेकला ते परवडत नाही. ब्रिजपाशी उलटं, तिथे तार जेमतेम हलते, आवाज मुळात बारीक आणि टोकदार, तिथे थोडे जास्त वेढे चालतात, किंबहुना लागतात.

सहाही तारा ढिल्या करून, पिकअप ज्यात बसतो त्या रिंगचे चार स्क्रू काढून नेक पालथा केला. मॅग्नेट काळा, जाड, पाटीच्या दगडासारखा दिसणारा. मल्टीमीटर बीपवर ठेवून दोन्ही टोकांना प्रोब लावले, बीप नाही. अल्निको म्हणजे ॲल्युमिनियम, निकेल, कोबाल्ट आणि लोखंड, धातूच तो, त्यातून करंट जातो आणि बीप वाजते. सिरॅमिकमधून जात नाही. तर हा सिरॅमिक. सिरॅमिक म्हणजे फालतू असं अजिबात नाही हां, १९७२ चा डिमार्झिओ कंपनीचा सुपर डिस्टॉर्शन पिकअप सिरॅमिकच आहे, आणि ‘गिटारचा पिकअप काढून दुसरा बसवायचा’ हा धंदाच मुळात त्याच्यापासून सुरू झाला. पण तो अँप (ॲम्प्लिफायर) पिळून काढायला बनवलाय, मला क्लीनमध्ये खणखणीत तारा हव्यात.

इथून पुढे मी नेहमीप्रमाणे इतिहासात शिरलो. गिब्सनमध्ये सेथ लव्हर नावाचा इंजिनियर होता, तो मूळचा अँपवाला, अँपमधली घुंई घालवायला त्याने उलट-सुलट वेढ्यांचा चोक वापरला होता आणि तीच आयडिया त्याने पिकअपला लावली. दोन कॉइल, वेढे उलट, चुंबकाची दिशा उलट, त्यामुळे तारेचा सिग्नल दोन्हीकडून मिळून वाढतो आणि लाइटची घुंई मात्र एकमेकींना खाऊन टाकते. हाच हमबकर. पेटंटचा अर्ज १९५५ मध्ये, पिकअप गिटारमध्ये १९५७ पासून, पेटंट मिळालं १९५९ मध्ये. मधल्या काळात मागे ‘पेटंट अप्लाइड फॉर’ असं स्टिकर लावायचे म्हणून त्याला पीएएफ म्हणतात. नंतर नंबर छापायला लागले तर तो नंबर भलत्याच पेटंटचा, लेस पॉल या गिटारवादकाच्या टेलपीसचा (तारा अडकवायच्या भागाचा)! कॉपी करणाऱ्यांना चकवायला मुद्दाम छापला असं लोक सांगतात.

पण मला कामाची गोष्ट वेगळीच सापडली. त्या मूळ पीएएफमध्ये एकासारखा एक नव्हता. वेढे मोजून मशीन आपोआप थांबेल अशी सोय नव्हती, मॅग्नेट जो हाताशी असेल तो लावायचे, अल्निको २ पासून ५ पर्यंत काहीही, त्यामुळे कोणी ७ के, कोणी ९ के. म्हणजे आज जो तो ‘अस्सल पीएएफ आवाज’ म्हणून जे विकतोय ते त्यातल्या कुठल्या तरी एका तुकड्याची नक्कल आहे. हे कळल्यावर अस्सल-बिस्सलचं भूत माझ्या डोक्यावरून उतरलं आणि माझ्या गिटारला काय कमी पडतंय एवढंच बघायचं ठरवलं.

डेमो व्हिडिओ भरपूर बघितले. डेमोवरून पिकअप निवडणं म्हणजे दुसऱ्याच्या चष्म्याने पेपर वाचणं आहे. त्याचा अँप, त्याचा स्पीकर, त्याचा माइक, आणि मुख्य म्हणजे त्याचा हात, वर ऐकणार मी मोबाइलवर. आमच्या ड्रमरला दोन क्लिप पाठवल्या, म्हटलं कुठला बरा वाटतो, तर म्हणे, ‘दोन्ही सेमच आहेत रे, तू फक्त आवाज कमी ठेव.’ एका गोष्टीला मात्र डेमो उपयोगी पडतात: एकाच माणसाने एकाच अँपवर दोन पिकअप लागोपाठ वाजवले असतील तर त्यांच्यातला फरक कळतो. तेवढ्यासाठीच बघावेत.

त्यातूनच जेबी, म्हणजे डंकनचाच एक पिकअप, बाद झाला. सगळे जेबी घे म्हणतात, ब्रिजला जेबी नेकला जॅझ ही जोडी तर ठरलेलीच. जेबी साधारण १६ के च्या वर जातो, पण तो बारीक वायरीचा आहे, त्यामुळे नुसता रेझिस्टन्सचा आकडा बघून ‘८ के पेक्षा दुप्पट दणका’ असं धरू नये, वायर बारीक झाली की तेवढ्याच वेढ्यांना आकडा वाढतो. माझा आक्षेप दणक्यावर नाहीच. जेबीच्या वरच्या मिडमध्ये एक टोक आहे, डिस्टॉर्शन लावून सोलो घेतला की ते छान पुढे येतं, क्लीनमध्ये मला कर्कश लागतं. काही जण त्यासाठी ५०० ऐवजी २५० चा पॉट लावतात. औषध घ्यायचंच आहे तर आजार कशाला आणा. ५९ ब्रिज साधारण ८ के, अल्निको ५, साधा सरळ आवाज. जॅझ नेक त्याहून जरा कमी, बेस आवळलेला, तारा सुट्या. अल्निको २ चा विचार केला होता, मऊ असतो, गोड असतो, पण आमच्या कीबोर्डवाल्यासमोर गोड होऊन चालत नाही.

दोन्ही एकाच कंपनीचे घ्यायचं अजून एक कारण म्हणजे वायरी. डंकनमध्ये काळी हॉट (सिग्नलची), लाल-पांढरी एकमेकींना जोडायच्या, हिरवी आणि उघडी वायर ग्राउंडला. डिमार्झिओमध्ये लाल हॉट, काळी-पांढरी जोडायची, हिरवी ग्राउंडला. रंग तेच, कामं वेगळी. त्यात दोघांची फेज उलटी निघाली की स्विच मधे टाकल्यावर आवाज पोकळ येतो, नाकात बोलल्यासारखा.

काल पॉट आणायला पुण्यातल्या तपकीर गल्लीत, इलेक्ट्रॉनिक्सच्या बाजारात, गेलो. घरचे पॉट बी-५००, म्हणजे लिनियर, व्हॉल्यूम बराच फिरवला तरी काही होत नाही आणि शेवटी धाडकन पडतो. दुकानदाराला म्हटलं काका, ५०० के लॉग (कानाला सारखा उतरणारे) आहेत का. ‘४७० देतो, चालेल?’ चालेल, कारण ५०० लिहिलेला पॉट सुद्धा २० टक्के इकडे-तिकडे असतो, ४२० पण निघतो. म्हणून म्हटलं, काका, सगळे मोजून घेऊ का? त्यांनी डबाच पुढे सरकवला. ‘मोज बाबा. रेडिओला लावतोयस का सॅटेलाइटला?’ चार चांगले निघाले, ५०० च्या आसपासचे दोन नेकसाठी ठेवले. आणि जाता जाता म्हणाले, ‘पंचवीस वॉटचं आयर्न असेल तर पॉटच्या पाठीवर सोल्डर धरणार नाही, पाठ पॉलिश पेपरने घास आणि साठ वॉटचं आण.’ हे बरोबर आहे, पाठ सगळी उष्णता पिऊन टाकते आणि आपण कमी आयर्न दाबून धरत बसलो तर आतला ट्रॅकच जळतो. छोट्या बॉडीचेच पॉट घेतले, अमेरिकन मोठे घेतले असते तर गिटारची भोकं रीमरने वाढवावी लागली असती आणि ते मला करायचं नाहीये.

एक गोष्ट मनाला बजावून ठेवलीय की मांडवातली घरघर याने जाणार नाही. हमबकर चुंबकाने येणारी ५० हर्ट्झची घुंई मारतो. मांडवात अर्थिंग नसलेल्या बोर्डावर अँप, लाइटच्या माळा आणि डिमर एकत्र लावले की जी चरचर येते ती वेगळी, तारांना हात लावला की कमी होते ती. तिला अर्थिंगच लागतं, यावेळी मंडळाच्या इलेक्ट्रिशियनला आधीच सांगणार आहे.

पुश-पुल (ओढून एक कॉइल बंद करायचा पॉट) नाही लावणार. एक कॉइल बंद केली की आवाज पडतो आणि घुंई परत हजर, मग हमबकर घेतला कशाला. लाल-पांढरी जोडून टेप मारून आत ठेवून देईन, नंतर कधी वाटलं तर आहेत. ब्रिजच्या पोलचं पहिल्या ते सहाव्या तारेचं अंतर मोजलं, ५० मिमी आलं, त्यामुळे ५३ वाला रुंद पिकअप नको. जुना ब्रिज भाच्याच्या गिटारला देणार, त्याला मेटल वाजवायचंय, १२ के चा सिरॅमिक त्याला मानवेल. नेकवाला ज्याला हवा त्याने घरी येऊन घेऊन जावा, फक्त रिंग मागू नका, ती मला लागणार आहे.