विकिपीडिया म्हणजे फ्लेक्स नव्हे
मराठी विकिपीडियावर एखाद्या आमदाराचं पान उघडलं की बऱ्याचदा पहिल्याच ओळीत लोकनेते, कार्यसम्राट, विकासपुरुष, म्हणजे चौकातल्या फ्लेक्सवरचा मजकूर जसाच्या तसा. मला दिसलं की मी ते काढतो, कारण वाचणाऱ्याला मतदारसंघ, खातं, किती साली जिंकले-हरले, हे संदर्भासकट हवं असतं, विशेषणं नको.

आणि विरोधकांचंही तेच. शिवसेना फुटली तेव्हा कोणी 'गद्दारी' लिहिणार, कोणी 'उठाव', दोन्हीत लिहिणाऱ्याचा पक्ष दिसतोच ना! त्यापेक्षा सरळ लिहा की ३० जून २०२२ ला एकनाथ शिंदेंनी मुख्यमंत्रिपदाची शपथ घेतली, १७ फेब्रुवारी २०२३ ला निवडणूक आयोगाने नाव आणि धनुष्यबाण त्यांच्या गटाला दिलं, ठाकरे गट सुप्रीम कोर्टात गेला. गद्दार म्हणायचंच असेल तर कोण म्हणालं, कुठे म्हणालं ते लिहा, विकिपीडियाच्या तोंडी घालू नका.

सगळ्यात जास्त जपायला लागतं ते गुन्ह्यांच्या बाबतीत. आरोप झाला, अटक झाली, दोषी ठरला, या तीन वेगळ्या गोष्टी आहेत, आणि माणूस जिवंत असतो, त्याची पोरं ते पान वाचतात. निर्दोष सुटला असेल तर तेही त्याच परिच्छेदात यायला हवं, खाली कुठेतरी कोपऱ्यात नाही.

नेत्यांच्या ऑफिसातल्या पोरांना एकच विनंती, साहेबांचं पान स्वतः बदलू नका, त्या लेखाच्या चर्चा पानावर, म्हणजे जिथे संपादक बदलांबद्दल बोलतात तिथे, बातमीची लिंक टाका, कोणीतरी नक्की बघेल.